थंड हात, तांबडा दिवा

फुईच्या नाकावरचा तो ठिपका माझ्या डोळ्यांच्या आधी बोटांना कळला. थंडीचे दिवस होते. तिला नीट दिसत नाही, म्हणून हिवाळ्यात तिच्या तोंडाला मलम मीच चोळून देते. त्या सकाळी नाकाच्या शेंड्याजवळ बोट अडलं. काचकागदाचा बारीकसा तुकडा चिकटवल्यासारखं लागत होतं. खिडकीशी नेऊन पाहिलं तर थोडी लाली सोडली तर काही दिसेना. मग मी तिच्या कपाळावरून, कानाच्या कडांवरून, पंजांच्या पाठीवरून पार कोपरापर्यंत बोटं फिरवत गेले. जागोजाग तोच खरखरीतपणा. तिला विचारलं, तर हे कधीचंच आहे, सोलून निघतं आणि परत येतं, असं तिनं सांगितलं आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात, आणि सुरतेतल्या गुजराती शेजारणी फोई म्हणतात, त्यामुळे बमरोलीच्या आमच्या गल्लीत ती लहानथोर सगळ्यांचीच फुई होऊन बसली. ती जन्मली तीच अंगात रंग न घेता. केस पांढरे, जरा पिवळसर झाक असलेले. पापण्या पांढऱ्या. डोळे सतत बारीक हलणारे, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कातडी रंगवायच्या आधीच्या कोऱ्या कापडासारखी. लोक याला कोड समजतात, पण कोड नंतर उमटतं. हे जन्मापासूनचं असतं आणि शेवटपर्यंत राहतं. गावात तिला भुरी म्हणायचे. तिचं खरं नाव शाळेच्या पटावर होतं, पण शाळा तिला फळा दिसत नाही म्हणून लवकरच सुटली.

गाव नंदुरबारकडचं. तिकडे हंगामात मिरचीच्या पथाऱ्या पडतात. मोकळ्या माळावर लाल मिरची वाळत घातलेली, पाहावं तिथवर लाल, आणि तिच्या कडेनं बायका-पोरी देठ खुडत बसलेल्या. फुईला दूरचं दिसत नव्हतं, पण डोळ्यांजवळ धरलेली मिरची दिसायची, म्हणून हे काम तिला जमायचं. अंगावर सावली नाही. संध्याकाळी तिचे हात मिरचीच्या रंगाचे व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांवर पाण्याचे फोड यायचे. घरातले म्हणायचे मिरचीची आग आहे. ती उन्हाची होती.

माझे वडील तेव्हा नुकतेच सुरतेला येऊन एका डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या, कारखान्यात लागले होते. दिवाळीला गावी गेले तेव्हा त्यांनी बहिणीचे हात पाहिले. ती त्यांना ताट वाढत होती आणि बाहीचं कापड जखमेला चिकटलेलं होतं. परतताना त्यांनी तिचं गाठोडं बांधून तिला गाडीत बसवलं आणि आजोबांना एवढंच सांगितलं की सुरतेत सगळं काम छपराखाली असतं. त्या वेळी लग्न व्हायच्या वयाची बहीण भावानं शहरात नेणं सोपं नव्हतं. पण फुईचं लग्न होईल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं, आणि ते झालंही नाही.

सुरतेत तिनं लूमच्या खात्यात बॉबिन भरायचं काम धरलं. पत्र्याचं छप्पर, आत मागांचा खडखडाट, अंधारलेला उजेड. इतरांना त्या अंधाराचा त्रास व्हायचा, तिला तो मानवला. कारखान्यात जायचं ते काळी छत्री घेऊन, उन्हाळा असो की थंडी. आई कामावर गेली की मला तिनंच सांभाळलं. मला शाळेत सोडताना ती छत्री उघडायची आणि माझ्या डोक्यावरही धरायची. आपल्याला छत्रीची गरज नाही हे मला फार उशिरा कळलं.

एवढी जपून राहूनही, लहानपणी कातडीनं जे सोसलं ते कातडी विसरली नव्हती. हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं.

मी फुईला मोठ्या दवाखान्यात चामडीच्या विभागात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर पन्नाशीच्या एक गुजराती बाई. त्यांनी आधी हिंदीत सुरुवात केली, फुईनं आपल्या अहिराणीत उत्तर दिलं, आणि गंमत अशी की डॉक्टरांना ती माझ्या मराठीपेक्षा जास्त कळली. अहिराणीत गुजरातीची वळणं पुष्कळ आहेत. त्या दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या आणि मी उगाच मध्ये दुभाषी होऊन बसले होते ते थांबले. डॉक्टरांनीही डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त तपासलं. मग एका ठिकाणची कातडी कणभर काढून तपासायला पाठवली.

पुढच्या खेपेला त्यांनी समजावून सांगितलं. हा कॅन्सर नाही. पण वर्षानुवर्षांच्या उन्हानं कातडीतल्या काही पेशी बिघडल्या आहेत, आणि असेच सोडले तर यांतल्या एखाद्या डागाचा कॅन्सर होऊ शकतो. कोणत्या, ते आधी सांगता येत नाही. फुईला रंगाचं संरक्षणच नाही, म्हणून तिच्यासाठी हा धोका मोठा. एकदोन डाग असते तर गोठवून टाकले असते, पण इथं चेहरा आणि दोन्ही हात मिळून डाग पसरलेले. त्यासाठी दुसरा उपाय आहे. एक मलम लावायचं, ते मुरू द्यायचं आणि मग त्यावर तांबड्या दिव्याचा उजेड सोडायचा. मलमातल्या द्रव्यापासून कातडी स्वतः एक रंगद्रव्य तयार करते. बिघडलेल्या पेशी ते जास्त करतात, चांगल्या कमी. उजेड पडला की ज्या पेशीत ते साठलं आहे ती आतल्या आत जळून जाते.

फुईनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जनमभर उनपाईन लपनू. आते उजेडच औषध शे म्हनतस."

घरी वडिलांना सांगितलं तर ते भडकले. ज्यानं हे केलं त्याच्याच हाती तिला परत द्यायचं का, असं त्यांचं म्हणणं. उन्हातला उजेड आणि हा तांबडा दिवा वेगळा, त्यात भाजणारे किरण नाहीत, असं मी डॉक्टरांकडून ऐकलेलं सांगत होते, पण त्यांना ते पटेना. तिला ऊन लागू नये म्हणून त्यांनी एकदा गाव सोडायला लावलं होतं. आता तिच्यावर मुद्दाम दिवा धरायचा ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. त्यांनी येणार नाही म्हणून सांगितलं. फुईनं त्यांच्याशी वाद घातला नाही. ठरल्या दिवशी सकाळी ती लवकर आंघोळ करून, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून, काळा चष्मा लावून दारात उभी होती.

पहिल्या खेपेची मला आठवते ती थंडी. बाहेर पौषातली सकाळ आणि आत यंत्रांसाठी लावलेला एसी. परिचारिकेनं डागांवरचे पापुद्रे हलकेच खरवडले, मलम लावलं, वरून चंदेरी कागद गुंडाळला, आणि आम्ही त्या खोलीत दुपार व्हायची वाट पाहत बसलो. मग फुईच्या डोळ्यांवर जाड काळा गॉगल चढवून दिवा लावला. इतका तांबडा उजेड मी कधी पाहिला नव्हता. भिंती, चादर, माझे हात, सगळं तांबडं. चेहऱ्यावर उजेड पडताच फुईचे ओठ आवळले गेले. डॉक्टरांनी गार हवेची नळी धरली तेव्हा तिला बरं वाटलं. हातांना मात्र फार काही झालं नाही, असं ती नंतर म्हणाली.

घरी आल्यावर दोन दिवस खिडक्यांना चादरी लावून ती आत बसली, कारण उरलेलं औषध कातडीत असेपर्यंत साधा उजेडही चालत नाही. चेहरा लाल झाला, सुजला, खपल्या धरल्या. वडील दाराशी येऊन पाहायचे आणि माझ्याशी न बोलता जायचे. पण खपल्या पडल्या तेव्हा खालून आलेली कातडी इतकी मऊ होती की मी दोनदा बोट फिरवून पाहिलं. नाकाचा शेंडा गुळगुळीत. कपाळ गुळगुळीत. हात मात्र होते तसेच राहिले, खरखरीत.

डॉक्टरांना याचं फार नवल वाटलं नाही. हातांवर हे औषध चेहऱ्याइतकं लागू पडत नाही असा अनुभव आहे, तिथली कातडी जाड असते, असं त्या म्हणाल्या, आणि फक्त हातांसाठी पुन्हा एकदा बोलावलं.

ही दुसरी खेप मी जन्मभर विसरणार नाही.

थंडी सरत आली होती, पण खोलीतला एसी तोच. फुईची खुर्ची भिंतीकडेला होती आणि वरून येणारा गार झोत थेट तिच्या डाव्या अंगावर पडत होता. दोन्ही हातांना मलम लावून कागद गुंडाळला होता. डावा हात तिनं खुर्चीच्या दांडीवर ठेवला. उजवा हात थंडीनं आखडतोय म्हणून शालीच्या आत घेऊन काखेत धरला आणि तशीच डुलकी काढली. मी शेजारी बसून फोन पाहत होते. यात काही विशेष घडतंय असं आम्हा कुणालाच वाटलं नाही.

वेळ झाल्यावर डॉक्टर आल्या. या वेळी दिवा लावायच्या आधी त्यांना औषध किती मुरलं ते पाहायचं होतं. त्यांनी परिचारिकेला खोलीतले दिवे घालवायला सांगितले, पडदे नीट ओढून घेतले आणि हातात मावेल एवढा एक जांभळ्या उजेडाचा दिवा काढला. अंधार झाला तशी फुईनं काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. अंधारात तिचा चेहरा नेहमी सैल होतो, डोळे मिचकावणं थांबतं. डॉक्टरांनी कागद सोडले आणि दिवा तिच्या हातांवर धरला.

आधी माझी पांढरी ओढणी पेटल्यासारखी निळी चमकली. साबणाच्या पावडरीमुळे होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मग मला फुईचे हात दिसले. दोन्ही हात निळसर पांढरे, चांदण्यात धरल्यासारखे. आणि उजव्या हातावर ठिकठिकाणी विस्तवासारखा गुलाबी-तांबडा रंग उजळलेला. नुसता लागलेला नाही, तर आतून येणारा. मनगटाजवळ एक मोठा, बोटांच्या मुळाशी तीन-चार, आणि मग कोपराकडे जाताना बारीक बारीक, मला कधी हाताला न लागलेले, डोळ्यांना न दिसलेले. कातडी गुपचूप बाळगून होती ते सगळं तिथं उघडं पडलं होतं. मी आयुष्यभर ज्या हातांचं खाल्लं, ते हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले असं वाटलं.

फुईनं हात डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. तिला दिसावं म्हणून डॉक्टरांनी दिवाही सोबत वर नेला. ती पाहत राहिली. मग तिनं हळूच विचारलं की हा रंग तिचा स्वतःचा आहे का. डॉक्टरांनी होय म्हणून सांगितलं, औषध आम्ही दिलं, रंग तुमच्या कातडीनं केला. जन्मभर अंगात रंग नाही म्हणून ऐकत आलेली ती बाई हात उलटासुलटा करून पाहत राहिली.

मग डॉक्टरांनी दिवा डाव्या हातावर नेला, आणि तिथं फिकट गुलाबी धूसर डागांपलीकडे काही नव्हतं.

त्यांनी पुन्हा उजवा पाहिला, पुन्हा डावा. मलम एकच, वेळ एकच, लावणारी परिचारिकाही तीच. मग त्यांनी दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि तशाच अंधारात क्षणभर थांबल्या. डावा हात गारठलेला होता. उजव्याला ऊब होती. त्यांनी परिचारिकेकडून कपाळावर धरून ताप मोजायचं यंत्र मागून घेतलं, कोविडच्या दिवसांत दारोदार धरायचे तसलं, आणि दोन्ही हातांवर धरून पाहिलं. फरक आकड्यांतही दिसला.

"वाचलं होतं मी हे," त्या मला हिंदीत म्हणाल्या, "पण एकाच माणसाच्या दोन हातांवर असं समोर आज पाहतेय."

त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मलाही त्यांच्याबरोबर हसू आलं. दिवे लागल्यावर त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. मलम म्हणजे कच्चा माल. त्याचा रंग करण्याचं काम पेशीच्या आत चालतं, आणि ते काम उबेत भराभर होतं, गारव्यात रेंगाळतं. चेहरा शरीराच्या मधल्या ऊबदार भागाजवळ, रक्तही भरपूर, म्हणून तिथं साधलं. हात-पाय टोकाला, लवकर गार पडणारे. तिथं मलम नुसतं पडून राहतं. रंग तयार झाला नाही तर उजेडाला पकडायला काही उरत नाही. पहिल्या खेपेला हातांना दुखलं नाही हे आम्हाला बरं वाटलं होतं, पण न दुखण्याचं कारणच ते होतं.

त्यांनी एसी बंद करायला लावला. रबरी पिशवीत कोमट पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून ती डाव्या हाताखाली दिली, वरून शाल. चटका बसता कामा नये, नुसती ऊब हवी, असं परिचारिकेला बजावलं आणि मधून मधून स्वतः येऊन यंत्र धरून पाहत राहिल्या. मला त्या वेळी फोनची आठवणही राहिली नाही. मी फुईच्या हाताकडे, म्हणजे खरं तर शालीकडे, टक लावून बसले होते. आत काय चाललं असेल? एवढ्याशा पेशी, कधी कुणी न पाहिलेल्या, आणि त्या उबेनं हळूहळू कामाला लागल्या असतील. मी देवळात अनेकदा गेले आहे, डोळे मिटून उभी राहिले आहे. पण दवाखान्याच्या त्या पिवळ्या रंगाच्या खोलीत, रबरी पिशवीच्या वासात, मला जे वाटलं तसं मला देवळात क्वचित वाटलं असेल.

पुन्हा अंधार केला. पुन्हा तो जांभळा दिवा. डाव्या हातावर आता रंग आला होता. उजव्याइतका भडक नाही, पण मघाचा धूसरपणा जाऊन डागांच्या कडा स्पष्ट झाल्या होत्या, आणि मनगटाच्या हाडावरचा एक तर निखाऱ्यासारखा दिसत होता. परिचारिकेच्या तोंडून "अरे वा" निघून गेलं. ती रोज दहा रोगी पाहणारी बाई, पण तीही वाकून पाहत होती.

डॉक्टरांनी फुईला आधीच सांगितलं की आज दुखेल. जितका रंग जास्त, तितका उजेड जास्त पकडणार. गार हवा लावता येते, पण हातांचं काम आत्ताच कुठं साधलं आहे, तर ती कमीत कमी लावू. सहन झालं नाही तर मध्ये थांबू. तांबडा दिवा लागला. थोड्याच वेळात फुईचं कपाळ घामानं भिजलं. तिला माझा हात धरता येत नव्हता, कारण दोन्ही हात दिव्याखाली होते, म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी थांबू का म्हणून विचारलं.

"दुखस," फुई म्हणाली. "पन चालू ऱ्हाऊ द्या."

त्या एकदा थांबल्याच, मिनिटभर हवा मारली आणि पुन्हा सुरू केलं. संपल्यावर तिचे हात लाल झाले होते. परतताना रिक्षात तिनं ते मोठ्या दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर धरले होते, कुणाचं तान्हं मूल घेऊन निघाल्यासारखे.

संध्याकाळी मी हे सगळं वडिलांना सांगितलं. ते ऐकायला बसतील असं मला वाटलं नव्हतं, पण डाव्या-उजव्या हाताची गोष्ट निघाली तशी त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. डाइंगच्या कामात त्यांचं आयुष्य गेलं. रंगाची टाकी पुरेशी तापली नाही तर पॉलिस्टर रंग धरत नाही. सगळा लॉट फिका निघतो, हे त्यांनी हजारदा पाहिलेलं. त्यांनी मला परत विचारलं की किती गरम केलं होतं. मी म्हटलं, फक्त ऊब, अंगाच्या तापापेक्षा जराशी जास्त. त्यांना ते खूप कमी वाटलं. एवढ्याशानं होतं? होतं, मी म्हटलं, मी पाहिलं. मग ते उठले, आतल्या खोलीत गेले. चादरींनी अंधारलेल्या त्या खोलीत बहीण हात उशीवर ठेवून पडली होती. ते दोघं काय बोलले मला ऐकू आलं नाही. बराच वेळ त्यांच्या अहिराणीचा बारीक सूर तेवढा येत होता.

त्या खेपेच्या खपल्या पडायला जास्त दिवस लागले, आणि त्या पडल्या तेव्हा दोन्ही हातांच्या पाठी बहुतेक साफ झाल्या होत्या. उरलेल्या थोड्या डागांसाठी डॉक्टरांनी तिसरी तारीख मुद्दाम उन्हाळ्यात दिली. सुरतेचा वैशाख, घामानं अंगाला चिकटणारी हवा. जाताना फुईला नखशिखांत झाकून न्यावं लागलं, पण आत एसी बंद ठेवला होता आणि तिचे हात आपोआपच ऊबदार होते. त्या दिवशी वडील आमच्याबरोबर आले. वाट पाहायच्या वेळात रबरी पिशवी आणायला परिचारिका निघाली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि विचारलं की नुसत्या हातांनी चालेल का. कागदावरून चालेल, ती म्हणाली. मग त्यांनी बहिणीचे दोन्ही हात आपल्या तळव्यांत घेतले. माझ्या वडिलांचे तळवे जाड आणि नेहमी गरम असतात. रंगाच्या कामानं नखांच्या कडा अजून निळ्या आहेत. ते दोघं तसेच बसून राहिले. गावातल्या कुणाकुणाची चौकशी झाली, मग तीही संपली. सत्तरीला आलेला भाऊ बहिणीचे हात धरून दवाखान्यात बसला आहे हे पाहून लोक जाता-येता बघत होते, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

अंधार करून दिवा धरला तेव्हा वडीलही वाकले. फुईच्या हातांवर मोजकेच तांबडे ठिपके उरले होते, पण तेही स्वच्छ उजळले. बाहेर आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "मी चाळीस वर्षं कापड रंगवलं. असा रंग पाहिला नाही."

त्यानंतर हात साफ झाले. एका कानाच्या कडेवरचा जाड डाग मात्र दिव्याला बधला नाही. तो डॉक्टरांनी कापून काढला आणि तपासला. त्यात कॅन्सरची नुकती सुरुवात होती, पण कडा स्वच्छ होत्या, पूर्ण निघाला होता. म्हणजे आम्ही वेळेत गेलो होतो. आता काही महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, आणि ते तिला आयुष्यभर करावं लागेल. ज्या कातडीनं एवढं ऊन सोसलं तिथं नवे डाग येत राहू शकतात, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. छत्री, लांब बाह्या, मलम, काही सुटलेलं नाही.

गेल्या खेपेला आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो तेव्हा डॉक्टरांनी दारातूनच फुईला हाक मारून आत बोलावलं. आत एक बाई बसली होती, मराठवाड्याकडची, नवरा इथं बांधकामावर. तिच्या मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी. पांढरे केस, पांढऱ्या पापण्या, आणि दोन्ही दंड उन्हानं भाजलेले. आई साइटवर काम करताना पोर तिच्याबरोबर दिवसभर वाळूच्या ढिगावर खेळायची. बाईला वाटत होतं पोरीला कुणाची तरी नजर लागली आहे. डॉक्टर म्हणाल्या, मी सांगून हिला पटत नाही, तुम्ही सांगा.

फुई तिच्याशेजारी बसली. तिनं आपले हात पुढे केले, कान दाखवला, मग सावकाश मिरचीच्या पथारीपासून सगळं सांगितलं. नजर-बिजर काही नाही, ऊन आहे, असं म्हणाली. आजपासून पूर्ण बाह्या घाल, डोक्यावर टोपी, साइटवर सावलीला बसव, आणि पुढे शाळेत पहिल्या बाकावर बसव, शाळा सुटू देऊ नको. बाई रडत नव्हती, ऐकत होती, आणि फुईच्या हातांवरून परत परत बोट फिरवत होती.

मुलगी मात्र फुईकडे बघत होती. तिलाही दूरचं दिसत नसणार, कारण ती आईच्या मांडीवरून उतरून अगदी पुढे आली, आणि तोंड वर करून फुईच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेला. फुईनं काळा चष्मा काढला. आपल्या साठ वर्षांत फुईनं आपल्यासारखं दुसरं माणूस पाहिलेलं नव्हतं, आणि त्या पोरीनं तर नक्कीच नाही. चार बोटांच्या अंतरावरून दोघी एकमेकींना न्याहाळत राहिल्या आणि दोघींचे डोळे सारखे बारीक हलत होते.